अणू पाहिला कुणी?

आठवीतल्या नातीने परवा विचारले, "आजोबा, अणू दिसत नाही, मग तो आहे हे कळले कसे?" तीस वर्षे विज्ञान शिकवलेला मी पटकन बोलून गेलो, "पुस्तकात दिलंय ना!" आणि मनातून ओशाळलो. वर्गातही मी व्याख्याच पाठ करून घेतल्या होत्या.

१९०९ मध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या वर्खावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी मोजके चक्क मागे फिरले. त्यावरून १९११ मध्ये त्यांनी अणूचे केंद्रक ताडले. अणू वानखेडे स्टेडियमएवढा मानला, तर केंद्रक जेमतेम मोहरीएवढे!

मुलांना आधी ही गोष्ट सांगावी. व्याख्या मागाहून येईल. 'कशावरून?' हा प्रश्नच मारला, तर मार्क मिळतील, विज्ञान नाही.