आधी मोहल्ल्याला विचारा

अकोला जिल्ह्यात अकोट नावाचे गाव नकाशावर आहे, याचा शोध गेल्या काही दिवसांत मुंबई-दिल्लीच्या वाहिन्यांना लागला. नगर परिषदेत भाजप आणि एमआयएम एका गटात बसले. मुख्यमंत्री संतापले, आमदारांना पक्षाची नोटीस गेली, एमआयएमच्या पुढाऱ्यांनी हात झटकले. त्याच आठवड्यात अंबरनाथला भाजप-काँग्रेसचे सूत जुळले होते, त्यामुळे विनोदाला आयता मसाला मिळाला. ‘अकोट विकास मंच’ या नावाखाली भाजपचे ११, एमआयएमचे ५, दोन्ही शिवसेना, दोन्ही राष्ट्रवादी आणि प्रहार असे २५ जण एकत्र आले. बाहेर उरले काँग्रेसचे ६ आणि वंचितचे २. नगराध्यक्षपदाच्या थेट लढतीत ज्यांनी एकमेकांविरुद्ध कंबर कसली होती, तेच निकालाला महिना होण्याआधी एका कागदावर सह्या करून मोकळे झाले.

या संधिसाधूपणाला नावे ठेवायला हरकत नाही, ती ठेवलीच पाहिजेत. पण एवढ्या गदारोळात नाली, नळ, मुरूम, पथदिवा, घंटागाडी यांतला एक शब्द तरी कोणाच्या तोंडून निघाला का? कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसले यावर आठवडा गेला. विकासाचा मंच ज्यांच्या नावाने काढला, त्या मोहल्ल्यांना आणि कॉलन्यांना मंच बांधतानाही कोणी विचारले नाही आणि त्यातून हात झटकतानाही विचारले नाही. आमचा राग त्यावर आहे.

अकोटने शेवटचे नगरसेवक निवडले होते २०१६ मध्ये. त्यानंतर मतदान झाले ते थेट २ डिसेंबर २०२५ रोजी. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका लटकल्या आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाचे राज्य चालले. सर्वोच्च न्यायालयाने कान पिळला तेव्हा कुठे निवडणूक आयोग हलला. मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची, तीही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २१ डिसेंबरवर ढकलली. या चार वर्षांत गावाच्या वॉर्डांत कोणी नगरसेवकच नव्हता. मग गाव चालले कसे? चालवले ते कॉलनीच्या समित्यांनी, मोहल्ल्यातल्या मंडळांनी, वर्गणीच्या वहीने.

ज्यांनी अशी समिती चालवली आहे त्यांना तिचे वर्ष कसे जाते ते सांगायला नको. संक्रांतीनंतर हळदीकुंकू, २६ जानेवारीला ओपन स्पेसवर झेंडा. गजानन महाराजांच्या प्रकट दिनाचा महाप्रसाद, मग भीमजयंती, हनुमान जयंती. हा झाला हौसेचा भाग, आणि तो बिनबोभाट पार पडतो. खरी दगदग मार्चमध्ये कराची बिले आली की सुरू होते. चतुर्थ वार्षिक आकारणीत कोणाच्या टिनाच्या खोलीला स्लॅबचा दर लागतो, कोणाचा रिकामा प्लॉट घर म्हणून चढतो. हरकतीचा अर्ज लिहून द्यायला मग समितीचा सचिवच धावतो, कारण थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती चढत जाते आणि सामान्य माणूस त्या आकड्यानेच गारठतो. मे महिन्यात बोअर आटते. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या जिल्ह्यात गोड्या पाण्याचे मोल काय, हे वान धरणाच्या पाण्यावरून जी भांडणे झाली त्यांतून सर्वांना ठाऊक आहे. जूनमध्ये काळ्या मातीत टोंगळाभर चिखल होतो. शाळेच्या ऑटोने गल्लीत यावे म्हणून घरटी पैसे गोळा करून मुरूम टाकायचा, तोही समितीनेच. मग गणपती, शारदा-दुर्गा, कोजागरीचे मसाला दूध. आणि वर्षाअखेरीस, समिती नोंदणीकृत असेल तर, धर्मादाय कार्यालयात हिशेबपत्रके.

म्हणजे ज्या समितीला नगर परिषद एका ओळीचे उत्तर देत नाही, तिच्याकडून सरकार हिशेब मात्र चोख मागते.

ओपन स्पेसचे उदाहरण घ्या. ले-आउट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडायची, हा नियम प्लॉट घेताना प्रत्येकाला नकाशात दाखवला जातो. ती जागा मुलांची, म्हाताऱ्यांची, झाडांची. त्यावर आधी एक ओटा येतो, मग टिनाचे छत, मग कोणाच्या तरी निधीतून सभामंडप आणि त्यावर नावाची मोठी पाटी. समितीने विरोध केला तर ती धर्मविरोधी, गप्प बसली तर मुलांना खेळायला रस्ता. सभामंडप हवा की बाग, हे तिथे राहणाऱ्या शंभर घरांना एकदा समोर बसवून विचारले असते तर अर्धे तंटे उभेच राहिले नसते. आणि गुंठेवारीच्या वस्त्यांना तर तेवढीही चैन नाही. २००१ चा कायदा, २०२१ मधली दुरुस्ती, नियमितीकरणाचे शुल्क, सगळे झाले, तरी नाली कोणी बांधायची यावरून बोटे एकमेकांकडेच. दोन सदस्यांच्या प्रभागात तर ही सोय अधिकच उत्तम. गेलात एकाकडे, तर तो सांगतो तुमचा भाग दुसऱ्याकडे आहे.

मुंडगावचा किंवा पोपटखेडचा माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला चार लोकांसमोर प्रश्न विचारू शकतो. खर्च कुठे झाला, घरकुलाच्या यादीत अमुक नाव का, हे विचारायचा त्याला कायद्याने हक्क आहे. ग्रामसभा धड चालत नाहीत, कोरम भरत नाही, हे खरे. पण हक्क आहे. तोच माणूस मुलांच्या शिक्षणासाठी अकोटला येतो, ले-आउटमध्ये प्लॉट घेतो, आणि त्या दिवसापासून हा हक्क गमावतो. शहरात आला म्हणून नागरिक खालच्या पायरीवर. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, पण सक्ती केली ती तीन लाखांवरच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत अकोटची लोकसंख्या ९२ हजार ६३७. म्हणजे ग्रामसभेसाठी आपण फार मोठे आणि प्रभाग समितीसाठी फार लहान.

राज्याला हे कळत नव्हते असेही नाही. २००९ मध्ये नागरी कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद आणली गेली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, तिथल्या सगळ्या मतदारांची सभा, अध्यक्ष तिथला नगरसेवक. ‘नगरराज’ असे भारदस्त नावही दिले. ही दुरुस्ती लोकांच्या प्रेमापोटी नव्हती. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी अभियानाचा निधी हवा होता आणि त्याला ही अट होती. निधी आला, संपला, योजनाही इतिहासजमा झाली आणि क्षेत्रसभा कागदावर राहिली. ज्या पक्षांचे आज अकोटवरून एकमेकांवर तोंडसुख घेणे चालले आहे, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने या काळात राज्यात सत्ता भोगली. क्षेत्रसभेचे नाव एकानेही घेतले नाही. या एका बाबतीत त्यांची युती अभेद्य आहे!

मोहल्ल्याची आठवण सरकारला येते ती सणासुदीला. गणपती किंवा ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. चहा, बिस्किटे, चार भाषणे, भाईचाऱ्याचे आवाहन आणि फोटो. मे २०२३ मध्ये अकोल्यात जुन्या शहरात दंगल झाली, तेव्हाही अशीच धावपळ झाली. एरवी वर्षभर याच माणसांचे अर्ज आवक-जावक नोंदीपलीकडे सरकत नाहीत. भिवंडीने काय केले ते आठवावे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, त्या भागाचा हवालदार आणि नित्याच्या बैठका. बोलणे बहुतेक किरकोळ तक्रारींचे, शेजारच्या भांडणांचे. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. नळावर आणि नालीवर एकत्र बसणारी माणसे अफवेच्या रात्री एकमेकांचे दार वाजवू शकतात. भाजप-एमआयएमने पालिकेत एकत्र बसावे की नाही, हा वाद त्यांच्या पक्षश्रेष्ठींना लखलाभ. अकोटच्या दोन्ही बाजूंच्या मोहल्ल्यांनी एकत्र बसावे की नाही, हा प्रश्न मात्र गावाचा आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला श्रेष्ठींच्या परवानगीची गरज नाही.

कॉलनीच्या समित्या म्हणजे संतांचा मेळा नव्हे. तिथेही वर्षानुवर्षे तेच चार चेहरे असतात, बायकांना हळदीकुंकवापुरते बोलावले जाते, आणि काही अध्यक्षांना नगरसेवकपदाचे डोहाळे लागलेले असतात. असू द्या. सभा उघड्यावर भरली की असल्यांची झाकली मूठ आपोआप उघडते.

आता येत्या वर्षाचे अंदाजपत्रक बनेल. पुण्याची महापालिका कितीतरी वर्षांपासून नागरिकांकडून वॉर्डातली कामे मागवते आणि त्यासाठी तरतूद ठेवते. ती पद्धत निर्दोष नाही, पण आहे. अकोटला ३५ जागांचे सभागृह आहे, म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी २६०० माणसे. एवढ्या लोकांची सभा शाळेच्या पटांगणात मावते. त्याला ना मुंबईचा हिरवा कंदील लागतो ना दिल्लीचा. स्वीकृत सदस्यांच्या जागाही पक्षांच्या गटांच्या आकडेमोडीत अडकल्या. पालिका कारभाराचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसांसाठी घटनेने ठेवलेल्या या जागा पक्षांनी पडलेल्या उमेदवारांची सोय म्हणून वापरल्या. पंधरा वर्षे कराच्या हरकती लिहिणारा एखादा समिती सचिव त्या जागेवर अधिक शोभेल.

नगराध्यक्ष माया धुळे यांना थेट लोकांनी निवडले आहे. त्यांची खुर्ची गटांच्या बेरजेतून आलेली नाही. त्यांनी अंदाजपत्रक सभागृहात ठेवण्याआधी प्रत्येक प्रभागात एक क्षेत्रसभा लावावी आणि तिथे ठरलेली कामे नावानिशी अंदाजपत्रकात दाखवावीत. आणि समित्यांनीही वाट पाहत बसू नये. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की जिलेबी वाटण्याआधी तिथेच क्षेत्रसभेच्या मागणीचा ठराव करावा, स्त्री-पुरुष सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी.