राजीला घर असतं तर

मैत्रिणींनो, व्हिडिओ गेमवरचा लेख या अंकात पाहून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या. सिनेमातल्या बाईवर आपण लिहिलं, जाहिरातीतल्या बाईवर लिहिलं, मालिकांमधल्या सासवा-सुनांवर तर पानंच्या पानं खर्ची घातली. पण घराघरात मोबाईलवर आणि संगणकावर जे जग तासन्‌तास चालू असतं, त्याच्याकडे 'वेळेचा अपव्यय' म्हणून पाठ फिरवली. त्याने ते जग बंद पडलं नाही. ते फक्त मुलग्यांचं झालं.

मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेली, तिशी ओलांडलेली, महालात राहणारी आणि इथल्याच किशोरी गटांसोबत काम करणारी बाई आहे. आणि मी हे खेळ आवडीने खेळते. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा मारियोचा खेळ होता. त्यात दोघांनी खेळायचं तर नियम असा की पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. पहिला अर्थातच भाऊ, आणि तो लवकर मरत नसे. पडद्यावर राजकन्या किल्ल्यात कोंडलेली आणि पडद्याबाहेर मी सतरंजीवर बसलेली. दोघी वाटच पाहत होतो.

म्हणून 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ मला फार जवळचा. 2020 साली आलेला हा खेळ आपल्या पुण्यातला, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने केलेला. संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी श्रुती घोष ही बाई, आणि खेळाचं सगळं दृश्यरूप तिच्या देखरेखीखाली घडलेलं. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो तडीस नेला. 2020 च्या 'द गेम ॲवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन होतं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला पळवतात आणि ती त्याला सोडवायला निघते. राखीच्या दिवशी जे रक्षणाचं वचन आपल्याला ऐकवलं जातं, ते इथे बरोबर उलटं फिरलेलं. ती खांबाला गिरकी घेऊन वार करते, भिंतीवरून धावते. आपल्याकडच्या मल्लखांब करणाऱ्या मुली आठवाव्यात असं ते शरीर, कष्टाने कमावलेलं. कॅमेरा दूरवर, उंचावर. तिच्या अंगावरून तो ओंगळपणे फिरत नाही. 1996 मधल्या 'टूम रेडर'च्या लारा क्रॉफ्टचं शरीर कसं बेतलं होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या साध्या गोष्टीची किंमत कळेल. पाचेक तासांत खेळ संपतो आणि शेवट फारच घाईत उरकलेला. चाहती असले तरी हे म्हणायलाच हवं.

2022 मध्ये हिंदी आवाजाची आवृत्ती आल्यावर मी तो आमच्या गटातल्या मुलींना खेळायला दिला. तेरा ते सोळा वयाच्या मुली. एकीने पंधरा-वीस मिनिटं मन लावून खेळल्यावर विचारलं, "ताई, इले घरी कोणी बोलत नाही का? रातची एकटी हिंडून राहिली." मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात दुसरीनेच सांगितलं, "घरचे नाहीत ना इले, म्हणून तर हिंडून राहिली."

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला इतकं नेमकं विश्लेषण कोणी ऐकवलं नव्हतं. राजी अनाथ आहे. मग मी एकेक नायिका आठवत गेले. 'होरायझन'मधली एलॉय (पहिला भाग 2017, दुसरा 2022) आईविना वाढलेली, टोळीने वाळीत टाकलेली, आणि ज्याने वाढवलं तोही पहिल्याच भागात मरतो. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (2017) मधली, आपल्या पश्चिम घाटात होयसळांचा ठेवा शोधणारी क्लोई, तिचे भारतीय वडील मारले गेलेले. 2025 मध्ये आलेल्या 'घोस्ट ऑफ योतेई'मधल्या आत्सूचं कुटुंब कापलेलं. लाराची गोष्ट तर मुळातून पाहावी अशी आहे. 1996 च्या मूळ कथेत तिचे आईवडील जिवंत होते. ती घरच्यांच्या साच्यात बसेना म्हणून त्यांनी तिच्याशी संबंध तोडले. ही आपल्या कोणत्याही मुलीला ओळखीची वाटेल अशी कहाणी. पुढच्या आवृत्त्यांमध्ये लेखकांनी ते भांडणच काढून टाकलं आणि आईवडिलांना मारून टाकलं. मुलीने घरच्यांना नकार दिला, यापेक्षा घरचेच उरले नाहीत हे सांगणं सोपं! नव्या लारेबद्दल 2012 मध्ये तर तिच्या एका निर्मात्यानेच म्हटलं की खेळणाऱ्याला तिचं रक्षण करावंसं वाटेल. म्हणजे घर गेलं, पण रक्षणकर्ता मात्र हातात कंट्रोलर घेऊन हजरच.

कोणी म्हणेल, नायक पुरुषही अनाथ असतात. असतात की. पण मारियोला आईवडील आहेत की नाहीत, हे कोणाला विचारावंसं वाटलं का? तो निघाला, बस्. मुलगी निघाली की आधी तिच्या घराची विल्हेवाट लावावी लागते. लेखकाला ठाऊक असतं की घर शाबूत असेल तर ही उंबरठ्याच्या आतच राहील. खेळ रचणारे याला दुःखद पार्श्वभूमी म्हणतात. आमच्या मुलींनी त्याला परवानगी म्हणून वाचलं. आमच्या मुली अनाथ नाहीत. केळीबाग रोडपासून बडकस चौकापर्यंत जायचं तरी त्यांना कोणाला तरी सांगून जावं लागतं, आणि कोणासोबत तेही सांगावं लागतं. त्यांना आई, वडील, काका, आजी आणि खिडकीतून बघणाऱ्या शेजारीण काकू, सगळे आहेत. त्यांच्यासाठी साहस कुठलं? घरातली माणसं मेल्यावरचं?

आता 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग. 2025 मध्ये तो जाहीर झाला. माझ्या हातात तो आलेला नाही, त्यामुळे ही समीक्षा नव्हे. जाहीर करताना जे दाखवलं त्यावरचं चाहतीचं मत आहे. दोघं भावंडं मोठी झाली आहेत आणि खेळणाऱ्याला दोघांचीही भूमिका घेता येणार आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आनंद झाला. गोष्ट अर्धवट सोडली होती ती पुढे जाणार, पट मोठा होणार. दुसऱ्यांदा पाहताना पोटात थोडं गोळा आल्यासारखं झालं. पहिल्या भागात भावाला शोधणं हे तिच्या हिंडण्याचं कारण होतं. भाऊ सापडला की ते कारण संपलं. मग ती कशासाठी निघणार? भावासोबत, भावाच्या मागे, की स्वतःला वाटलं म्हणून? दोन खेळाडू म्हटलं की मला सतरंजीवरची माझी पाळी आठवते. पुण्याच्या या मंडळींनी एकदा बहिणीच्या एकटीच्या खांद्यावर अख्खी गोष्ट पेलून दाखवली आहे, म्हणून तर त्यांच्याकडून जास्त मागायचं.

आमच्या गटातल्या एका बौद्ध घरातल्या मुलीने आणखी एक प्रश्न काढला: हे असुर म्हणजे कोण? बळीराजाला आपलं मानणाऱ्या जोतिबा फुल्यांच्या महाराष्ट्रात आणि दीक्षाभूमीच्या नागपुरात हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. त्रिशूळ दुर्गेने दिलं, धनुष्य विष्णूने दिलं, मारायचं ते असुरांना. पुराणाचा साचा जसाच्या तसा उचलला आहे. 1882 मध्ये बुलढाण्यात बसून ताराबाई शिंदे देवादिकांनाही जाब विचारत होत्या. खेळ करणाऱ्यांनी निदान तेवढी धिटाई दाखवावी. पण या कारणासाठी खेळच नको, हे मला पटत नाही. ती मुलगी खेळली म्हणून तर तिला प्रश्न पडला.

ज्येष्ठ कार्यकर्त्या मला सांगतात की मुलींपुढे शिक्षणाचे, लग्नाच्या वयाचे, रक्तक्षयाचे प्रश्न असताना खेळ कसले घेऊन बसलीस? त्यांच्या कामाबद्दल आदर ठेवून सांगते, हे प्रश्न वेगळे नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 57.1 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायका 33.3 टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल जेमतेम 54 टक्के बायकांकडे. ज्या घरात एकच फोन आहे तिथे तो संध्याकाळी कोणाच्या हातात असतो हे वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. भाऊ खेळतो तेव्हा तो 'पोरगा आहे, खेळणारच'. बहिणीने फोन घेतला की 'कोणाशी बोलून राहिली?' आणि हिंसेचं म्हणाल, तर या खेळांमधल्या बायकांच्या चित्रणावर बोलणाऱ्या अनिता सारकीसियन यांना 2014 मध्ये अमेरिकेतल्या यूटामध्ये गोळीबाराच्या धमकीमुळे व्याख्यान रद्द करावं लागलं. धमकी देणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की हे मैदान महत्त्वाचं आहे. आपल्यालाच अजून ते पटायचं आहे.

सध्या आमच्या केंद्रात शनिवारी चार ते सहा लॅपटॉप मुलींचा. शिवणकाम नाही, आरोग्याची माहिती नाही, नुसता खेळ. पहिल्या महिन्यात दोन भाऊ दारात येऊन उभे राहिले, 'तिले येत नाही, मी दाखवतो' म्हणत. त्यांना बाहेर काढायला मला वाद घालावा लागला. पोरीला न्यायला आलेली एक आई मात्र चपला न काढता पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिकडून काहून जात नाही? तिकडं वाट दिसून राहिली ना." पोरीने वळून पाहिलं, राजीला तिकडे वळवलं. वाट खरंच होती. आई आत आली, बसली, आणि स्वयंपाकाला उशीर झाल्यावरच दोघी उठल्या.

पुढचा भाग आला की आम्ही तो घेणार आहोत. वर्गणी सुरू आहे, तीनशे चाळीस रुपये जमलेत. मुलींनी वहीत आधीच प्रश्न लिहून ठेवलेत: राजी आता राहते कुठे? तिच्यासाठी कोणी जेवायला थांबतं का? ती निघते तेव्हा कोणाला सांगते, आणि ते काय म्हणतात?