रिपोर्टमध्ये ‘सायलेंट’ बदल आला, म्हणजे काळजी नाही का?

समजा, तुम्ही धाटावला राहता आणि घरात पाळणा हलणार आहे. रोह्याला रक्त दिले, नमुना मुंबईला गेला आणि हाती आलेल्या जनुकीय रिपोर्टमध्ये ‘सायलेंट’ किंवा ‘सिनॉनिमस व्हेरियंट’ असे लिहिले आहे. एक नातेवाईक म्हणतो, “सायलेंट म्हणजे काही नाही.” दुसरा म्हणतो, “दोष निघाला.” दोघेही घाई करत आहेत.

हा प्रश्न आता अनेक घरांत येणार आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. महाराष्ट्रासह १७ राज्यांत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासण्या वाढल्या की असे शब्दही वाढणार.

कोडॉन म्हणजे काय?

जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची लेखी कृती. पेशी ती तीन-तीन अक्षरांनी वाचते. या तीन अक्षरांच्या गटाला कोडॉन म्हणतात. एकूण कोडॉन ६४. त्यांतले ६१ मिळून २० अमिनो आम्ले सांगतात, उरलेले ३ ‘इथे थांबा’ असे सांगतात. म्हणून एकाच आम्लासाठी अनेक कोडॉन असतात; ल्युसिनसाठी तर सहा.

हिमोग्लोबिनच्या बीटा जनुकातली चार उदाहरणे पाहा.

- कोडॉन ६ : ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झाले की आम्ल बदलते. हाच सिकलसेलचा बदल.
- कोडॉन १५ : ‘टीजीजी’चे ‘टीएजी’ झाले की प्रथिन अर्धवट थांबते. भारतात नेहमी आढळणाऱ्या थॅलेसेमियाच्या बदलांपैकी हा एक.
- कोडॉन २ : ‘सीएसी’ असो वा ‘सीएटी’, आम्ल तेच. हा सायलेंट बदल अनेक निरोगी लोकांत असतो.
- कोडॉन २४ : ‘जीजीटी’चे ‘जीजीए’ झाले तरी आम्ल तेच राहते. पण जनुकाचा संदेश चुकीच्या जागी कापला जातो, हिमोग्लोबिन कमी बनते आणि थॅलेसेमिया होऊ शकतो. भारतातील नेहमीच्या बदलांत हा मोडत नाही.

म्हणजे ‘सायलेंट’ हा शब्द फक्त आम्ल बदलले नाही एवढेच सांगतो. आजार आहे की नाही, हे तो सांगत नाही.

वाचण्याचा वेगही महत्त्वाचा

आम्ले आणून देणारे रेणू पेशीत प्रत्येक कोडॉनसाठी सारख्या संख्येने नसतात. जिथे ते कमी, तिथे वाचन रेंगाळते. वेग बदलला तर प्रथिनाची घडी किंवा त्याचे प्रमाण बदलू शकते. औषधे पेशीबाहेर टाकणाऱ्या एका प्रथिनात हे अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर दाखवले.

याचा उपयोगही होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशिल्ड आपल्यापैकी अनेकांनी घेतली आहे. त्या लशीतला विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा संदेश मानवी पेशींना सोयीच्या कोडॉनमध्ये लिहिलेला होता. प्रथिन तेच, लिहिण्याची पद्धत वेगळी.

मग तुम्ही काय करावे?

१. रिपोर्टमधला निष्कर्ष वाचा. ‘बिनाइन’ म्हणजे निरुपद्रवी. ‘पॅथोजेनिक’ म्हणजे आजाराशी संबंधित. ‘अनिश्चित महत्त्वाचा’ असे असेल, तर केवळ त्यावरून गर्भाबाबत निर्णय घेऊ नका.

२. सीबीसी आणि एचपीएलसी चाचणीचे रिपोर्ट सोबत ठेवा. एचबीए२ वाढलेले असेल तर थॅलेसेमियाचे वाहक असण्याची शक्यता असते. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो, हेही डॉक्टरांना विचारा.

३. जोडीदाराची तपासणी करा. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक, दोघेही सिकलसेलचे वाहक, किंवा एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल तर बाळाला हा आजार होत नाही. ते फार तर वाहक होते.

४. दोघेही वाहक असल्यास वेळ दवडू नका. गर्भाची तपासणी साधारण ११व्या आठवड्यापासून करता येते. त्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरील राष्ट्रीय संस्था आहे.

वाहक असणे हा आजार नाही आणि कुणाचा दोषही नाही. ‘सायलेंट’ शब्द वाचून रिपोर्ट कपाटात ठेवू नका, आणि तोच शब्द वाचून सुनेला बोलही लावू नका. दोघांचे रिपोर्ट एकत्र घेऊन डॉक्टरांसमोर बसा.