शेतांतून ताटांत, कीं जाहिरातींतून पोटांत?

गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत, भर पावसांत, एका स्नेह्यानें मोठ्या अगत्यानें मला मुंबईंतील एका नव्या उपाहारगृहांत भोजनास नेलें. भिंतींवर जुनीं जाळीं टांगलेलीं होतीं, कोपऱ्यांत एक मोडकें वल्हें उभें केलेलें होतें, आणि पदार्थांच्या यादीच्या शिरोभागीं वळणदार अक्षरांत 'समुद्रांतून थेट तुमच्या ताटांत. आज पहाटेची मासळी' असें छापलेलें होतें. 'या दिवसांत सुरमई?' असें मीं वाढप्यास विचारलें. 'आज सकाळचीच आहे, सर.' 'कोणत्या बंदराची?' तो तरुण अदबीनें आंत गेला आणि परत येऊन म्हणाला, 'लोकल आहे, सर.'

वस्तुस्थिति अशी कीं, पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षीं १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे एकसष्ट दिवस, यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. वल्ह्याशिडाच्या लहान होड्यांस ही बंदी नाहीं, हें मला ठाऊक आहे. परंतु तसल्या होडीनें खवळलेल्या दर्यांतून पहाटे सुरमई आणून ती दुपारीं वातानुकूलित दालनांत शंभर पानांवर वाढतां येते, असें ज्यास वाटत असेल त्यानें एकदां जुलै महिन्यांत किनाऱ्यावर उभें राहून यावें. मीं ती सुरमई खाल्ली. चव वाईट नव्हती. बर्फांतल्या मासळीस जी चव असते ती होती. माझें भांडण त्या सुरमईशीं नाहीं. तिच्या कपाळीं चिकटविलेल्या चिठ्ठीशीं आहे.

हा 'शेतांतून ताटांत' नांवाचा पंथ आपल्याकडे अमेरिकेंतून आला. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें ॲलिस वॉटर्स यांनीं 'शे पानीस' हें उपाहारगृह काढलें. आसपासच्या शेतमळ्यांतून जें ज्या ऋतूंत मिळेल तें घ्यावें आणि त्याचेंच दररोज एक ठरलेलें भोजन रांधावें, अशी तेथील पद्धति होती. या मूळ कल्पनेंतील प्रामाणिकपणा मी मोकळ्या मनानें मान्य करतों. तींत गिऱ्हाइकाच्या लहरीपेक्षां ऋतूचा अधिकार मोठा मानलेला होता. परंतु कोणतीहि चांगली कल्पना एकदां धंद्याची पाटी झाली कीं पाटी तेवढी शिल्लक राहते आणि कल्पना मागील दारानें निघून जाते. २०१६ सालीं फ्लॉरिडांतील 'टँपा बे टाइम्स' या पत्राच्या भोजन-समीक्षिका लॉरा रायली यांनीं आपल्या भागांतील अशा उपाहारगृहांच्या याद्या हातीं घेऊन, त्यांत ज्या शेतमळ्यांचीं नांवें होतीं त्यांनाच विचारणा केली. त्यांतील कित्येकांनीं आपण तेथें माल देतच नाहीं असें सांगितलें! मासळीची गोष्ट याहून निराळी नाहीं. 'ओशियाना' या संस्थेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत अमेरिकेच्या एकवीस राज्यांतून घेतलेल्या १,२१५ नमुन्यांपैकीं एकतृतीयांश नमुने खोट्या नांवानें विकले जात असल्याचें आढळून आलें. नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आजीबाईंनीं अमेरिका पाहिल्यावांचूनच रचली होती.

हा प्रकार पाहिला म्हणजे मला फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीची आठवण होते. व्हर्सायच्या बागेंत तिनें १७८३ सालीं एक खेड्याचा देखावा उभारावयास घेतला. त्यांत झोंपड्या होत्या, तळें होतें, दुग्धशाळा होती. नव्हतें तें एवढेंच, कीं खेड्यांतील दारिद्र्य. आमच्या उपाहारगृहांतील मोडकें वल्हें हें त्याच वंशाचें. कोळ्याचें वल्हें भिंतीवर हवें. कोळी मात्र पंक्तीस नको, आणि त्याचा पावसाळा तर मुळींच नको.

आतां आपल्या ताटांतील 'स्थानिक' मासळीची वंशावळ पाहूं. ज्या गुळगुळीत, कांटे नसलेल्या तुकड्यांस आपण नुसतें 'फिश' म्हणून खातों, तो पुष्कळदां बासा असतो. त्याचें मूळ घर व्हिएतनामांतील मेकाँग नदीच्या खोऱ्यांत. ज्या कोळंबीच्या कालवणास आपण कोकणचें वैभव म्हणून वाखाणतों, ती बहुधा 'व्हनामी' जातीची असते. तिचें मूळ अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर, आणि आपल्याकडील तळ्यांत तिची पैदास करण्यास परवानगी मिळाली २००९ सालीं. गोव्यांतील मासळी तरी गोव्याची असेल, या श्रद्धेनें जे तेथें जातात त्यांनीं २०१८ सालचा जुलै महिना आठवावा. मासळींत फॉर्मॅलिन असल्याचा बोभाटा होऊन गोवा सरकारनें बाहेरून येणारी मासळी कांहीं दिवस बंद केली, तेव्हां 'बाहेरून' येणारी मासळी तेथें किती रिचत होती हें पुष्कळांस प्रथमच कळलें. आणि ज्या हापुसाच्या नांवावर आपण वर्षाकांठीं एकदां तरी फसतों, त्या नांवास कोकणच्या पांच जिल्ह्यांपुरतें कायद्याचें संरक्षण २०१८ सालीं मिळालें. तरी परप्रांतींचा आंबा देवगडच्या पेटींत शिरावयाचा थांबला आहे, असें कोणी छातीला हात लावून म्हणूं शकेल काय?

प्रतिपक्षाचें म्हणणें न ऐकतां निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. कोणी म्हणतात, जवळचें अन्न खाल्ल्यानें पृथ्वीचें कल्याण होतें. हेतु उदात्त आहे. हिशेब मात्र कच्चा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं, अमेरिकन कुटुंबाच्या अन्नामुळें जे उष्णतावर्धक वायु बाहेर पडतात, त्यांपैकीं ८३ टक्के तें अन्न पिकवितांनाच पडतात. साऱ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा अवघा ४ टक्के. तेव्हां अन्न कोठून आलें, यापेक्षां तें काय आहे व कसें निपजलें, हा प्रश्न मोठा.

दुसरे म्हणतात, यांत शेतकऱ्याचें व कोळ्याचें भलें होतें. होत असेल तर मला आनंदच आहे. परंतु ज्याचें नांव घेऊन दर चढविला, त्यास त्या चढ्या दरांतून किती पोंचलें, हें छापणारी यादी अद्याप माझ्या पाहण्यांत आलेली नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत लाघवी आहे. 'अहो प्राध्यापकमहाशय,' माझे स्नेही त्या दिवशीं हंसत म्हणाले, 'जेवण रुचकर आहे ना? मग एवढ्याशा थापेनें कोणाचें काय बिघडलें?' त्यांच्या या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठींच मी हा लेख लिहावयास बसलों आहें.

बिघडलें तें समुद्राचें. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें रुपेरी पापलेटास 'राज्य मासा' म्हणून मान दिला. तो मान हौसेचा नव्हता; पालघर जिल्ह्यांतील सातपाटीसारख्या, पापलेटावर जगणाऱ्या बंदरांतून 'आमचा मासा संपत चालला आहे' अशी जी ओरड वर्षानुवर्षें चालली होती, तिची ती पोंच होती. पिलें जाळ्यांत जाऊं नयेत म्हणून शासनानें माशांच्या जातवार किमान लांबीहि ठरवून दिल्या. रुपेऱ्या पापलेटाची १३५ मिलिमीटर. आणि आपण काय मागतों? एका ताटांत एक अखंड बसावें, तळल्यावर डोकें-शेपूट दोन्ही शोभून दिसावें, असें इवलें पापलेट! ज्यास आणखी एक हंगाम मिळता तर अंडीं घालतें झालें असतें, तें आपण लिंबाच्या फोडीनें सजवून खातों, आणि यादींत त्याला 'कोंवळें' हें लाडकें विशेषण मिळतें.

यांत लबाडीचा संबंध कोठें आला, असें कोणी विचारील. तो येथें आहे. बंदीच्या दिवसांतहि 'आज पहाटेची सुरमई' मिळते असें ज्याच्या मनावर बिंबलें, त्याच्या लेखीं समुद्रास ऋतूच उरत नाहीं. ज्यास ऋतु नाहीं त्यास विश्रांति कशाला हवी, आणि दोन महिने नौका ओढून ठेवणाऱ्या कोळ्याच्या उपाशी चुलीची आठवण तरी कोणास कशाला व्हावी? शीतगृहांतील मासळी शीतगृहांतील म्हणून विकली असती तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. तिला पहाटेची म्हटल्यानें मात्र बंदी म्हणजे कोळ्यानें उगीच पाळलेला उपास ठरते.

माझें बालपण अष्टागरांत गेलें. दारीं येणारी कोळीण पाटी उतरवितांना आईला स्वतःच सांगे, 'वयनी, आज बोंबील नको घेऊ, बरफाचं हाय.' तिच्याशीं आई पैशापैशासाठीं घासाघीस करी. पण तिच्या शब्दाविषयीं आईनें कधीं शंका घेतली नाहीं. आणि पावसाळ्यांत आमच्या घरीं मासळी बंद होत नसे. वैशाखांत वाळवून ठेवलेले बोंबील, सोडे, जवळा आणि खारा बांगडा हीच आमची आषाढांतली स्थानिक मासळी. बाहेर पाऊस कोसळत असतां चुलीवर भाजलेल्या सुक्या बोंबलाचा आणि ऊन भाताचा जो घास मीं खाल्ला आहे, त्याची सर कोणत्याहि उपाहारगृहास आलेली नाहीं. खरोखर 'स्थानिक' आणि खरोखर 'ऋतूस धरून' असें भोजन जुलैंत वाढावयाचें तर तें हेंच होय. परंतु सुक्या बोंबलाच्या वासास वातानुकूलित दालनांत मज्जाव आहे! तेथें वल्हें चालतें, जाळें चालतें. वास चालत नाहीं.

म्हणून माझा विरोध किनाऱ्यावरच्या मासळीच्या आस्वादास आहे असें कोणीं समजूं नये. मी तिचा भक्तच आहें. पण या भक्तीस थोडें पथ्य आहे, आणि तें केवळ उपाहारगृहवाल्यांस सांगून भागणार नाहीं. पापलेट, सुरमई व कोळंबी या तिघांवांचून पाहुण्यांपुढें पान मांडण्यास लाजणाऱ्या आपल्या घरांनाहि तें लागू आहे. मांदेली, तारली, बांगडा यांस आपण हलके लेखणें सोडलें पाहिजे. तळहाताएवढें पापलेट कितीहि साजिरें दिसलें तरी तें परत केलें पाहिजे. आणि ज्या दिवसांत समुद्र बंद, त्या दिवसांत सुक्या मासळीस वा डाळीस तोंड वाकडें न करण्याचें शिक्षण आपल्या मुलांस दिलें पाहिजे.

उपाहारगृहाची परीक्षा करण्यास मात्र मला एकच कसोटी पुरेशी वाटते. यादींत काय काय आहे हें पाहूं नये. 'आज नाहीं' असें त्या घरांत कधीं म्हणतात कीं नाहीं, तें विचारावें. आमच्या दारची ती कोळीण श्रावणाच्या आधीं कधीं रिकाम्या पाटीनें, सहज बोलावयास म्हणून येई, आणि पायरीवर टेकून म्हणे, 'आज काय नाय, वयनी. दर्या बंद हाय.' तेवढें एक वाक्य ज्या यादींत छापलेलें मला आढळेल, त्या उपाहारगृहांत मी स्नेह्यांच्या आग्रहावांचून, स्वतःच्या खर्चानें जाईन.