रामापिथेकसला निवृत्त कधी करणार?



एनसीईआरटीने 2023 साली दहावीतून उत्क्रांती वगळली, तेव्हा 'आपल्या राज्य मंडळाने तरी ठेवली' म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. पण ठेवले काय, ते कुणी वाचले? मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा उघडा. माणसासारख्या प्राण्याची पहिली नोंद कुणाची, तर पूर्व आफ्रिकेतल्या रामापिथेकसची! या आठवड्यात नातीच्या क्लासच्या सराव पेपरात याच ठिकाणाची रिकामी जागा आली. तिने 'भारत' लिहिले आणि गुण गेला.

संशोधक एडवर्ड लुईस यांना 1932 साली रामापिथेकसचा जबडा मिळाला तो हिमाचलातल्या हरितल्यांगरला. केनियातले काही अवशेष एकेकाळी त्याच्या खाती जमा झाले होते, तेही पुढे वेगळे निघाले. जन्मगाव हिमाचलातले आणि पत्ता आफ्रिकेचा!

मोठी चूक पुढेच आहे. रामापिथेकस हा माणसाचा पूर्वज नव्हेच. जबड्याच्या तुकड्यांवरून तसे ठरवले गेले होते. मग पाकिस्तानातल्या पोटवारमध्ये त्याच्याच गोतातल्या शिवापिथेकसचा जवळजवळ अख्खा चेहरा मिळाला आणि तो निघाला ओरांगउटानच्या वळणाचा. संशोधक डेव्हिड पिलबीम यांनी 1982 साली हे प्रसिद्ध केले. आधी रामापिथेकसची वकिली करणारे तेच होते. पुरावा समोर येताच त्यांनी माघार घेतली. रामापिथेकस शिवापिथेकसमध्ये विलीन झाला.

1982! त्या साली जन्मलेल्यांची मुले आज दहावीला आहेत.

त्यानंतरही भारतात नवे पुरावे मिळत राहिले. कच्छमधल्या टप्परला शिवापिथेकसचा वरचा जबडा मिळाल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले. जम्मूतल्या रामनगरचा सुमारे 1.3 कोटी वर्षांपूर्वीचा गिबनकुळातला दात 2020 मध्ये जगापुढे आला. ही माहिती पुस्तक तयार झाल्यानंतरची, म्हणून सोडून देऊ. पण 1982 चे काय? पुस्तकातली चूक गाईडात उतरते, गाईडातली क्लासच्या नोट्समध्ये, आणि बरोबर लिहिणाऱ्या मुलीला लाल फुली मिळते.

  

नवे पुस्तक यायला वर्षे लागतील, कबूल. पण शुद्धिपत्रकाला एक कागद पुरतो. तो बोर्डाच्या परीक्षेआधी काढावा आणि तोवर रामापिथेकसच्या या वाक्यावर एकही प्रश्न विचारू नये.

– एक आजोबा, मुलुंड (पूर्व)