सुशी घरून विकायची आहे? मासा बाजूला ठेवा, आधी भात शिका



घरून फूड बिझनेस करायचा म्हटलं की केक आणि मोमोजच्या पाठोपाठ आता सुशीचं नाव येतं. रील्स बघितले की वाटतं, भात पसरायचा, गुंडाळायचं, कापायचं, आठ तुकड्यांचे दोन-तीनशे रुपये घ्यायचे. मग प्रश्न येतो, खडवलीसारख्या ठिकाणी बसून हे जमेल का?

माझं मत सांगतो. जमेल, पण दोन अटींवर. पहिली, कच्चा मासा विकायचा नाही. दुसरी, आधी ऑर्डर घ्यायची आणि मगच तांदूळ भिजवायचा. या दोन्हीपैकी एक जरी अट मोडणार असाल तर तुमचे पैसे बँकेतच बरे.

सुशी म्हणजे मासा नव्हे

आपल्याकडे सुशी म्हणजे कच्चा मासा असं डोक्यात बसलंय. खरं तर सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात. त्यात काकडी भरली तरी सुशी, उकडलेली कोळंबी भरली तरी सुशी. काकडीचा रोल जपानमध्येही रोज खाल्ला जातो, त्याला कप्पामाकी म्हणतात. त्यामुळे व्हेज सुशी म्हणजे नकली सुशी, असा न्यूनगंड बाळगू नका.

आता माशाचं. खडवलीत भातसा नदी आहे, मग ताजा मासा मिळेलच, असं कुणी म्हणेल. मंडळी, ताजा असणं वेगळं आणि कच्चा खाण्याजोगा असणं वेगळं. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात, आणि ते डोळ्यांनी दिसतीलच असं नाही. जपानच्या बिवा तळ्यातल्या माशाची जुनी सुशी, फुनाझुशी, तीसुद्धा मासा मिठात आणि भातात महिनोन्‌महिने आंबवून करतात.

समुद्राचा मासा फ्रीजरमध्ये ठेवून चालेल का? कच्च्या माशातले परजीवी मारायला अमेरिकेच्या एफडीएचा नियम उणे २० अंश तापमानाला सलग ७ दिवस असा आहे. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ पर्यंत जातो, आणि आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय गोठवून परजीवी मरतात, सगळे जंतू मरत नाहीत. जपानी लोकसुद्धा पूर्वी परजीवींच्या भीतीने सॅमन कच्चा खात नव्हते. १९८०च्या दशकात नॉर्वेने शेतीत वाढवलेला सॅमन तिथे नेला, वर्षानुवर्षं प्रचार केला, तेव्हा कुठे तो सुशीवर आला. ज्या कामामागे एका देशाची यंत्रणा उभी होती ते आपण एका डबल डोअर फ्रीजवर करायला जाऊ नये.

मासा हवाच असेल तर उकडलेली कोळंबी किंवा डब्यातला ट्यूना वापरा. क्रॅब स्टिकही चालतात, पण त्या माशापासूनच बनतात. व्हेजच्या सुरीला आणि पाटाला त्यांचा स्पर्श नको.

भातात आपण आधीच पुढे आहोत

जपानी तांदूळ महाग पडतो. सरावासाठी आणि सुरुवातीच्या विक्रीसाठी आपला इंद्रायणी छान चालतो, कारण तो चिकट होतो. आपल्या बाजूचा वाडा कोलम, ज्याला २०२१मध्ये जीआय मिळालं, तो जेवायला उत्तम, पण मोकळा होतो. रोल कापताना सुटेल. बासमतीचं तर नावच काढू नका.

१ कप तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा. पाणी तांदळाइतकं किंवा किंचित जास्त घाला. गरम भातावर २ मोठे चमचे राईस व्हिनेगर, १ मोठा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा मीठ हे मिश्रण घाला आणि परातीत पसरून पंख्याखाली हलक्या हाताने कालवा. परात स्टीलची घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेली पितळी परात आंबटाला चालत नाही. साध्या सिंथेटिक व्हिनेगरने वास उग्र येतो, तिथे पैसे वाचवू नका.

१ कप तांदळात साधारण ३ रोल, म्हणजे २४ तुकडे होतात. गुंडाळण्याची भीती वाटत असेल तर एवढंच सांगतो, ज्या हाताला अळूवडी आणि सुरळीची वडी जमते त्याला बांबूची चटई आठवड्यात जमते.

खरी अडचण वेळेची आहे

शिजवलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात. व्हिनेगर त्यांना आवर घालतं, पण भाताचा पीएच ४.६च्या खाली गेला तरच. त्यासाठी पीएच पट्ट्या ठेवा, दर वेळी तपासा. दुसरीकडे, फ्रीजमध्ये ठेवला की भात कडक होतो. म्हणजे बाहेर ठेवता येत नाही, आत ठेवली तर चव जाते. सुशी शिळी विकता येत नाही, म्हणून हा धंदा काउंटरचा नाही, ऑर्डरचा आहे.

आकडे बघू. हे फक्त समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. रोलचा भाव १८०. सामान ६०, पॅकिंग १५, ॲपचं कमिशन ४५. हातात राहिले ६०. १० रोल केले, ७ विकले, तर ४२० मिळाले. उरलेल्या ३ रोलचे २२५ गेले. दिवसाचे राहिले १९५, आणि त्यात गॅस, लाईट, तुमची मेहनत धरलेलीच नाही. तेच १० रोल ओळखीच्या ग्राहकांना थेट, आगाऊ पैसे घेऊन दिले तर १०५० राहतात. पदार्थ तोच, हातही तोच. फक्त ऑर्डर आधी घेतली.

ग्राहक कुठला? भातसाकाठी पिकनिकला येणारा माणूस गरम वडापाव, मिसळ शोधतो, त्याच्या मागे लागू नका. तुमचा ग्राहक कल्याणला खडकपाड्याला, डोंबिवलीला पलावात आहे. खडवलीहून टिटवाळा, आंबिवली, शहाड, मग कल्याण. अंतर फार नाही, पण कसारा लाईनला गाड्या कमी. म्हणून रोज चार फेऱ्या मारण्यापेक्षा आठवड्यातला एकच दिवस ठरवा, एका सोसायटीच्या ऑर्डरी एकत्र घ्या, बर्फाची पाकिटं घातलेल्या बॉक्समधून एकाच फेरीत पोचवा. डब्यावर बनवल्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत खायचं ते लिहा.

आणि एफएसएसएआय नोंदणी. घरून विकलं तरी लागते. फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो, १४ अंकी नंबर मिळतो, तो डब्यावर छापा.

सुशी शिकू नका असं मी म्हणत नाही. पण पहिल्या महिन्यात फक्त इंद्रायणी, काकडी, गाजर आणि नोरीचं एक पाकीट आणा. पाकीट उघडलं की हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात नोरी लगेच मऊ पडते. दहा वेळा भात करा, घरच्यांना खाऊ घाला, प्रत्येक वेळचा खर्च वहीत लिहा. दहा अनोळखी माणसांनी आगाऊ पैसे दिले की मग मोठ्या भांडवलाचा विचार करू.