‘रुळलीस का?’ हा प्रश्न पुरेसा नाही

परदेशी गेलेल्या मुलीला घरून फोन जातो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रुळलीस का गं?’ ‘तुला तिथं आवडतंय का?’ असं क्वचितच कुणी विचारतं. रुळणं म्हणजे आहे त्या चौकटीत स्वतःला बसवणं. बाईला हे जमतंच असं आपण गृहीत धरतो, कारण सासर हा तिचा पहिला परदेश असतो. तिथली आमटीची चव वेगळी, बोलायची रीत वेगळी, काही घरांत तर नावसुद्धा नवं. ‘जुळवून घे’ हा तिथला मंत्रच पुढे तिच्याबरोबर विमानात बसतो.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलींच्या बाबतीत या मंत्राला कायद्याचीही साथ मिळते. नवऱ्याला एच-वन-बी व्हिसा, बायकोला एच-फोर. २०१५ पर्यंत एच-फोरवर नोकरी करायला बंदीच होती. त्या वर्षी मे महिन्यापासून, ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यावर पोचली आहे, प्रामुख्यानं अशा स्त्रियांना कामाचा परवाना मागता येऊ लागला. इतरजणी होत्या तिथेच राहिल्या. काल शाळेत शिकवणारी, बँकेत काम करणारी बाई विमानातून उतरताच कागदोपत्री ‘डिपेंडंट’ होते. तिचा राहण्याचा हक्क नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. घटस्फोट झाला की तो आधारही जातो. घरात मारहाण होत असली तरी ती पोलिसांना का बोलावत नाही, याचं एक उत्तर इथं आहे. अशा बाईला ‘मन रमव, देश आवडून घे’ असं सांगणं म्हणजे व्यवस्थेचा दोष तिच्या स्वभावावर ढकलणं.

पण परदेश म्हणजे बाईला निव्वळ वनवास, असंही मला म्हणायचं नाही. इथे गल्लीतल्या प्रत्येक डोळ्याला आपण कुणाची सून ते ठाऊक असतं. तिथे कुणालाच ठाऊक नसतं. या अनोळखीपणात मोठी मोकळीक असते. एकटीनं बागेत बसावं, हवे ते कपडे घालावेत, गाडी चालवायला शिकावं, सार्वजनिक वाचनालयातून ओंजळभर पुस्तकं फुकट आणावीत. अनेक वाचनालयांत इंग्रजी संभाषणाचे वर्गही विनामूल्य असतात. देश आवडू लागतो तो अशा स्वतः मिळवलेल्या छोट्या जागांमधून.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्या सुमारे तीन वर्षं राहिल्या. व्याख्यानं देत हिंडल्या, तिथल्या स्त्रियांच्या संस्था पाहिल्या, बालशिक्षणाची नवी पद्धत समजून घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. अमेरिकेवरच्या आपल्या मराठी पुस्तकात त्यांनी त्या देशाचं मनापासून कौतुक केलं, आणि तिथल्या काळ्या लोकांवरचा व मूळ रहिवाशांवरचा अन्यायही दाखवला. आवडणं म्हणजे हेच असावं. जिथं राहतो तिथलं चांगलं घ्यायचं आणि वाईटाला वाईट म्हणायचं. पण रमाबाई स्वतःच्या कामासाठी, स्वतःच्या नावानं गेल्या होत्या, हेही विसरू नये.

नंतर गेलेल्या बायकांनीही अशी जागा निर्माण केली. घरगुती हिंसेविरुद्ध न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’, न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली ‘सखी’ उभी राहिली. परक्या देशात भांडायचं धाडस झालं, कारण सोबतीला इतरजणी होत्या.

मग इथल्या आपल्या गटांनी काय करावं? परदेशी स्थळ आलं की पत्रिका आणि पगार पाहिले जातात. मुलीचा व्हिसा कोणता, त्यावर काम करता येतं का, हे आपण विचारायला शिकवू या. पासपोर्ट आणि पदवीची प्रमाणपत्रं तिच्याच हाती असावीत, त्यांच्या प्रती माहेरी असाव्यात. तिथल्या स्त्री-संस्थांचे फोन नंबर तिला तोंडपाठ असावेत. छळ होणाऱ्या एच-फोर पत्नीला स्वतंत्रपणे कामाचा परवाना मागण्याची कायद्यात तरतूद आहे, हे तिला निघण्याआधीच माहीत हवं.

आणि मैत्रिणींनो, पुढचा फोन लावाल तेव्हा ‘रुळलीस का?’ विचारून थांबू नका. ‘तुझ्या नावावर काय आहे, आणि तुझं कोण आहे तिथं?’ हेही विचारा.